रंगाच्या इंजेक्शनाआधी सांगायच्या गोष्टी

आपल्या बायकांची एक खोड आहे. गाईला दगडी झाली, तर त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांना निरोप जातो. स्वतःच्या छातीत गाठ लागली, तर ती मात्र महिनोन्‌महिने पदराखाली राहते. माझ्या धाकट्या जावेने तेच केले. कांदा काढून होऊ दे, मग बघू, असे म्हणत तिने चार महिने घालवले. गाठ दुखत नव्हती, म्हणून ती निर्धास्त होती. पण न दुखणारी गाठही वाईट निघू शकते.

शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी हाताने तपासले, मग मॅमोग्राफी म्हणजे स्तनांचा एक्स-रे काढला, सोनोग्राफीही केली. त्यानंतर म्हणाल्या, "अजून नीट उलगडत नाही. रंगाचे इंजेक्शन देऊन पुन्हा फोटो काढू." हे ऐकून घरात खळबळ उडाली. चुलत सासूबाई म्हणाल्या, "सुई टोचली की गाठ पसरते, नको ते." जाऊही मागे सरायला लागली. तेव्हा मी डॉक्टरीणबाईंना गाठून सगळे विचारून घेतले. त्यांनीही वेळ देऊन सांगितले, म्हणून हे लिहिते आहे.

तांदळातला काळा खडा चटकन वेचता येतो, पांढरा खडा मात्र दाताखाली आल्यावरच कळतो. साध्या मॅमोग्राफीत तसेच होते. काही बायकांचे स्तन घट्ट मांसल असतात. असे मांस एक्स-रेवर पांढरे दिसते आणि कर्करोगाची गाठही पांढरीच दिसते. मग वेगळे काय ओळखणार? पण कर्करोगाला वाढायला रक्त लागते, म्हणून तो स्वतःकडे नव्या रक्तवाहिन्या ओढतो. घाईने काढलेला कच्चा पाट जसा पाणी धरत नाही, बाजूला झिरपतो, तशा या वाहिन्या झिरपतात. दंडाच्या शिरेतून दिलेले आयोडिनयुक्त औषध तिथे साठते आणि फोटोत ती जागा उठून दिसते. या औषधाला लोक रंग म्हणतात खरे, पण ते पाण्यासारखे स्वच्छ असते. सुई दंडात टोचतात, गाठीत नव्हे. औषध अंगात मुरूनही राहत नाही. मूत्रपिंडे चांगली असतील तर बहुतेक सगळे एका दिवसात लघवीवाटे निघून जाते.

या तपासणीच्या पहिल्या यंत्राला अमेरिकेत 2011 साली मान्यता मिळाली. आपल्याकडे ती मोठ्या शहरांतच होते. एमआरआयमध्येही असेच इंजेक्शन देऊन स्तन तपासतात. तिथले औषध वेगळे असते आणि एक्स-रे नसतो, पण वेळ जास्त लागतो. हृदयाला यंत्र बसवले असेल किंवा अंगात कुठे धातू असेल, तर एमआरआयआधी ते सांगावेच लागते.

आता मुख्य गोष्ट. आपण काय सांगतो यावर सुरक्षितपणा पुष्कळसा अवलंबून आहे, आणि आपण तर डॉक्टरांपुढे निम्मे गिळून बसतो! मूत्रपिंडाचा आजार, दमा, थायरॉइड, पूर्वी अशा इंजेक्शनाने पित्त उठले असेल तर ते, दिवस गेल्याची शंका, हे सगळे आधी सांगायचे. गरोदरपणी ही तपासणी सहसा टाळतात. अंगावर पाजणाऱ्या बाईनेही सांगावे. दुधात औषध अगदी नगण्य उतरते, त्यामुळे पाजणे तोडावे लागत नाही. मासे-कोळंबी बाधते म्हणजे हे औषध बाधेलच असे नाही, तरी सांगून ठेवावे.

माझ्या जावेला मधुमेह आहे आणि ती मेटफॉर्मिनची गोळी घेते. शिवाय निंदणी-खुरपणीच्या दिवसांत पाठ भरून आली की दुकानातून दुखण्याची गोळी आणून खायची, हे तिने कुणाला सांगितले नव्हते. मी ते सांगायला लावले. या गोळ्या वरचेवर खाल्ल्या तर मूत्रपिंडावर ताण येतो, म्हणून डॉक्टरीणबाईंनी आधी रक्तातले क्रिएटिनिन पाहिले. ते ठीक निघाले. ठीक असले की मेटफॉर्मिन बहुधा थांबवावे लागत नाही. मूत्रपिंड कमजोर असेल तर दोन दिवस थांबवून, पुन्हा रक्त पाहून सुरू करतात. हे डॉक्टर ठरवतात, आपण मनाने गोळी सोडू नये. नेमकी त्या दिवशी एकादशी होती आणि जाऊबाईला पाण्याचा थेंबही घ्यायचा नव्हता. मी ऐकले नाही, तिला तांब्याभर पाणी पाजले. उपाशी यायचे की नाही, हे तपासणीच्या ठिकाणी आधीच विचारून घ्यावे.

काखेत पावडर किंवा गाठीवर कसला लेप लावून जाऊ नये. फोटोत त्याचे ठिपके उमटतात. जुने फोटो-रिपोर्ट सोबत न्यावेत.

यंत्रावरच्या मुलीने तिला आधीच सांगितले, "मावशी, अंग गरम होईल, तोंडाला धातूची चव येईल, लघवी झाल्यासारखं वाटेल. तसं काही झालेलं नसतं, घाबरू नका." सुईच्या जागी दुखले, फुगले तर लगेच ओरडायचे, हेही सांगितले. इंजेक्शनानंतर दोनेक मिनिटे थांबून फोटो सुरू केले. दोन पट्ट्यांमध्ये स्तन दाबतात. दुखते, पण क्षणभरच. दहा मिनिटांत सगळे आटपले. एक्स-रेची मात्रा साध्या मॅमोग्राफीपेक्षा थोडी जास्त असते, म्हणून उगीच हौसेने करायची ही तपासणी नव्हे. पहिली तपासणी हाताचीच. मुंबईत 1998 पासून दीड लाखावर बायकांचा अभ्यास झाला. त्यांतल्या निम्म्यांची प्रशिक्षित सेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली, तेव्हा त्यांच्यातले कर्करोग लवकरच्या अवस्थेत सापडले. हात लावून बघायला मोठे यंत्र लागत नाही.

फोटोत दोन जागा चमकल्या. जाऊ रडायलाच लागली. पण साध्या गाठीही चमकतात. शेवटचा निकाल सुईने काढलेल्या तुकड्याचा. त्या सुईने रोग पसरत नाही, हे डॉक्टरीणबाईंनी चुलत सासूबाईंना फोनवरून समजावले. मोठी गाठ कर्करोगाची निघाली, दुसरी साधी. दुसरी साधी होती म्हणून सगळा स्तन काढावा लागला नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे आरोग्यमित्र रुग्णालयातच बसतात. पैसे भरण्याआधी त्यांच्याकडे चौकशी करावी, आम्ही केली.

इंजेक्शनानंतर अर्धा तास तिला बसवून ठेवले होते. त्या वेळात मानेवर आणि पोटावर पित्त उठले. औषध दिल्यावर ते तासाभरात बसले. इंजेक्शनाच्या औषधाचे नाव आणि झालेला त्रास त्यांनी कागदावर लिहून दिला. तो कागद शिधापत्रिकेच्या पिशवीत ठेवला आहे. पुढच्या तपासणीला गेल्यावर आधी तोच दाखवायचा आहे.