पडणें आणि पाडणें

इंग्रजी भाषेचा विषय निघाला कीं आमचे विद्यार्थी व त्यांचे पालक प्रथम स्पेलिंगाविषयीं तक्रार करितात. लिहावयाचें एक आणि वाचावयाचें भलतेंच, ही त्या भाषेची खोड सर्वांस ठाऊक आहे, व तिची थट्टाहि पुष्कळ झाली आहे. परंतु जव्हार व मोखाडा या भागांतील मुलांच्या वह्या पुष्कळ वर्षें तपासल्यानंतर माझें मत असें झालें आहे कीं, स्पेलिंग चुकलें तर फार तर एखादा गुण जातो. क्रियापद चुकलें तर देणारा घेणारा होतो आणि निरपराध मनुष्य अपराधी ठरतो. इ. स. २००० पासून आपल्या राज्यांत इंग्रजी पहिल्या इयत्तेपासून शिकवितात. म्हणजे दहावीच्या परीक्षेस बसणाऱ्या मुलानें त्या भाषेची दहा वर्षें सोबत केलेली असते. तरीहि ‘राइझ’ व ‘रेझ’, ‘लाय’ व ‘ले’, ‘लेंड’ व ‘बॉरो’ या जोड्या समोर आल्या म्हणजे तो हटकून अडखळतो. यास मुलांची मंदबुद्धि कारण आहे असें पुष्कळांस वाटतें; मला तसें वाटत नाहीं. या जोड्यांतील बहुतेक भेद मूल घरूनच शिकून आलेलें असतें, आणि आपण मात्र तो त्यास अगदीं नवा म्हणून पाठ करावयास लावतों.

खोडाळा किंवा सूर्यमाळ या बाजूच्या पाड्यावर शेळ्या राखणाऱ्या एखाद्या लहान पोरास विचारा, “झाड पडलें कीं पाडलें?” तो क्षणभरहि घोटाळणार नाहीं. वाऱ्यानें सागाचें झाड आडवें झालें तर तें पडलें. कोणीं कुऱ्हाड घातली तर तें पाडलें. या एका कान्यावर घरच्या माणसांचें किती अवलंबून असतें हें तो उमज पडल्यापासून ऐकत आला आहे. वनरक्षक पाड्यावर येतो तेव्हां त्याचा प्रश्न हाच असतो. उत्तर ‘पडलें’ असें ठरलें तर तो आपली वाट धरतो. ‘पाडलें’ असें ठरलें तर पंचनामा होतो. इ. स. १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या २६ व्या कलमानें राखीव जंगलांतील झाड पाडणें हा गुन्हा ठरविला आहे, आणि इंग्रजी मुळांत तेथें जें क्रियापद योजिलें आहे तें ‘फेल’ हें होय.

आतां इंग्रजींत पडणें म्हणजे ‘फॉल’ व पाडणें म्हणजे ‘फेल’. दुर्दैवानें ‘फॉल’चा भूतकाळहि ‘फेल’ असाच होतो, आणि गोंधळ येथूनच सुरू होतो. ‘द ट्री फेल’ म्हणजे झाड पडलें. ‘ही फेल्ड द ट्री’ म्हणजे त्यानें झाड पाडलें. शेवटीं एक ‘ड’ लागला कीं हातांत कुऱ्हाड आली असें समजावें. (‘फेल’ हा उच्चार कानीं पडतांच आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें परीक्षेचा निकाल उभा राहतो. तो शब्द निराळा, आणि त्याची धास्ती वर्षांतून एकदां पुरे.)

मराठींत अशा जोड्यांस तोटा नाहीं. मरणें–मारणें, तुटणें–तोडणें, फुटणें–फोडणें, उठणें–उठविणें, निजणें–निजविणें, पिणें–पाजणें. पहिल्यांत क्रिया आपली आपण होते. दुसऱ्यांत कोणी तरी ती घडवून आणतो. वणवा लागणें आणि वणवा लावणें यांत केवढें अंतर आहे हें चैत्र-वैशाखांत डोंगर जळतांना पाहिलेल्या मुलास व्याकरणाच्या पुस्तकांतून सांगावयास नको. इंग्रजीच्या पूर्वजभाषेचीहि रीत हीच होती. मूळ क्रियापदास ‘य’कारासारखा प्रत्यय लावून तीं लोकें प्रयोजक क्रियापद बनवीत. पुढें तो प्रत्यय झिजून गेला, पण स्वरांतील फरक मागें राहिला. म्हणून ‘सिट’ म्हणजे बसणें व ‘सेट’ म्हणजे बसविणें. ‘राइझ’ म्हणजे उठणें व ‘रेझ’ म्हणजे उठविणें किंवा वर करणें. ‘ड्रिंक’ म्हणजे पिणें हें सर्वांस ठाऊक असतें; पण ‘ड्रेंच’ या शब्दाचा मूळ अर्थ पाजणें असा होता, आणि बैलास बांबूच्या नळीनें औषध पाजतात त्या क्रियेस इंग्रज शेतकरी अजून तोच शब्द लावितो. संस्कृतांतील ‘पतति’ व ‘पातयति’ ही जोडी आमच्या पडणें–पाडणेंची पूर्वज होय, आणि संस्कृतांतील ‘सद्’ धातु व इंग्रजी ‘सिट’ हीं तर सख्खीं भावंडें आहेत. दोन्ही भाषा दूरच्या एकाच कुळांतून निघाल्या, तेव्हां त्यांच्या खोडी जुळाव्या यांत नवल तें काय!

या जोड्यांत सर्वांत हट्टी जोडी म्हणजे ‘लाय’ व ‘ले’. ‘लाय’ म्हणजे आडवें पडून असणें, ‘ले’ म्हणजे ठेवणें किंवा निजविणें. एवढ्यावर भागतें तर हा परिच्छेद लिहावा लागला नसता. परंतु ‘लाय’चा भूतकाळ ‘ले’ असा होतो, आणि ‘ले’चा भूतकाळ ‘लेड’. म्हणजे काल मूल झोळींत पडून होतें हें सांगावयाचें झाल्यास ‘द चाइल्ड ले’ असें म्हणावयाचें, आणि आईनें त्यास झोळींत निजविलें हें सांगावयाचें झाल्यास ‘द मदर लेड द चाइल्ड’. याच्या भरीस खोटें बोलणें या अर्थाचा तिसरा एक ‘लाय’ आहे. त्याचा भूतकाळ ‘लाइड’. विद्यार्थ्यांनीं निराश होऊं नये. इंग्रजी ज्यांची जन्मभाषा आहे असे पुष्कळ लोक घरीं दारीं या जोडीशीं खुशाल खेळ करितात व त्यांच्या पंतोजींचा राग ओढवून घेतात.

मुलांस मी एक कसोटी सांगत आलों आहें. ती बहुधा दगा देत नाहीं. वाक्य प्रथम मराठींत, तेंहि भूतकाळांत, म्हणून पाहावें. तो उठला; त्यानें हात वर केला. ती निजली; तिनें मुलास निजविलें. कोंबडी बसली; कोंबडीनें अंडें घातलें. जेथें कर्त्यास ‘नें’ लागला तेथें ‘रेझ’, ‘ले’, ‘सेट’, ‘फेल’ या धाकट्या पातीकडे जावें. जेथें तो लागला नाहीं तेथें ‘राइझ’, ‘लाय’, ‘सिट’, ‘फॉल’ या थोरल्या पातीकडे. म्हणून सूर्य ‘राइझ’ होतो, आणि वर्गांत उत्तर येणारा मुलगा हात ‘रेझ’ करितो. इंग्रजींत कर्त्यास असा प्रत्यय नाहीं. इंग्रज मुलास जी खूण नाहीं ती आमच्या मुलांच्या जिभेवर आयती आहे.

दुसरा एक वर्ग असा आहे कीं त्यांत दोष शब्दार्थाच्या यादीचा असतो. ‘सी’ म्हणजे पाहणें, ‘लुक’ म्हणजेहि पाहणें. ‘हिअर’ म्हणजे ऐकणें, ‘लिसन’ म्हणजेहि ऐकणें, असें पाठ करविल्यावर मुलानें फरक करावा तरी कसा? जव्हारहून जातांना दाभोशाचा धबधबा प्रथम दिसतो. मग आपण थांबून त्याच्याकडे पाहतों. दिसण्याकडे ‘सी’चा ओढा आहे, आणि बुद्धिपुरस्सर पाहणें तें ‘लुक’. रात्रीं निजलों असतां पलीकडच्या पाड्यावरचा तारपा ऐकूं येतो, तो ‘हिअर’; तेथें जाऊन नाचणाऱ्यांजवळ बसून तो ऐकला, तर ‘लिसन’. यादींत ‘दिसणें’ व ‘ऐकूं येणें’ हे दोन शब्द घातले असते तर कितीक शाईची लाल रेघ वांचली असती.

‘लेंड’ व ‘बॉरो’ यांची गोष्ट मात्र थोडी निराळी आहे, आणि माझ्या मतें ती सर्वांत महत्त्वाची आहे. एका मुलाच्या निबंधांत मला वाक्य आढळलें, ‘माय फादर लेंट मनी फ्रॉम द सेठ.’ मीं त्यास जवळ बोलावून विचारलें, “अरे, तुझ्या बापानें शेठला पैसे दिले काय?” तो हंसला. म्हणाला, “शेठला आम्ही कुठून देणार, गुरुजी? उचल आम्हीच घेतली.” मुलाच्या मनांत देणारा कोण व घेणारा कोण याविषयीं तिळमात्र शंका नव्हती. मराठींत ‘उसनें’ किंवा ‘कर्ज’ हा शब्द एकच असतो व दिशा त्याच्या पुढील ‘घेणें’ अथवा ‘देणें’ दाखवितें. इंग्रजींत ती दिशा क्रियापदाच्या पोटांतच दडलेली असते. ज्याच्या हातांत पैसा येतो तो ‘बॉरो’ करितो, व तो अमक्या‘फ्रॉम’. ज्याच्या हातांतून जातो तो ‘लेंड’ करितो, व तो अमक्या‘टु’. त्या मुलानें शेवटीं ‘फ्रॉम’ बरोबर लिहिला होता. पैशाची वाट त्यास ठाऊक होती, वाटेचें नांव तेवढें उलट झालें.

हें इतकें लांबवून सांगण्याचें कारण आमच्या पालकांस सांगावयास नको. भात झोडून झालें, दिवाळी सरली, कीं या दोन तालुक्यांतील कितीतरी कुटुंबें भिवंडी, वसई या बाजूच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडीं परततात. जाण्यापूर्वीं उचल घेतलेली असते व ती अंगावर फेडावयाची असते. इ. स. १९७६ च्या कायद्यानें वेठबिगार मोडली. कागदावरची सही मात्र आजहि बांधते. बँकेच्या इंग्रजी कागदावर एका रेघेवर ‘लेंडर’ व दुसरीवर ‘बॉरोअर’ असें छापलेलें असतें, आणि घरांत इंग्रजी शिकलेलें माणूस म्हणजे बहुधा तें दहावींतलें मूलच. बापाचा आंगठा कोणत्या रेघेवर उमटतो, आणि रेघेच्या वर काय लिहिलें आहे, हें त्यानेंच वाचून सांगावयाचें असतें. सहज सुचलें म्हणून सांगतों : ‘उचल’ हा शब्द उचलण्यावरून आला, आणि इंग्रजहि कर्ज ‘रेझ’ करितो. तेव्हां येथें ‘रेझ’ बिनचूक आला तरी चालेल.

क्रियापदाच्या अर्थावरून केवढा फरक पडतो याची एक आख्यायिका जव्हारच्याच नांवावर आहे. फार पूर्वीं हा मुलूख एका वारली नायकाच्या ताब्यांत होता. मुकणे येथील कोळी पुढारी जयबा हा त्याच्याकडे आला व बैलाच्या कातड्यानें झाकेल एवढीच जमीन त्यानें मागितली. एवढ्याशा मागणीस नाहीं कोण म्हणणार? नायकानें होकार दिला. मग जयबानें त्या कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, एकीस एक जोडली, आणि त्या लांबच लांब वादीनें सारा मुलूख वेढून घेतला. मागणी ‘कव्हर’ची होती, घेणें झालें ‘एन्क्लोझ’चें. हीच कथा समुद्रापलीकडे कार्थेज नगराच्या डायडो राणीविषयींहि सांगतात, यावरून ती अक्षरशः घडली असें मानण्याचें कारण नाहीं. परंतु जयबाचा पुत्र नीमशहा यास इ. स. १३४३ मध्यें दिल्लीच्या सुलतानाकडून राजा म्हणून मान्यता मिळाली, व मुकणे घराण्याचें तें राज्य इ. स. १९४८ मध्यें मुंबई प्रांतांत विलीन होईपर्यंत चाललें, हा इतिहास आहे. ही गोष्ट वर्गांत सांगितली कीं मुलें दोन तट पाडून भांडूं लागतात. कांहीं म्हणतात, जयबा हुशार. कांहीं, विशेषतः मागच्या बांकांवरचीं, म्हणतात कीं नायकानें ‘झाकेल म्हणजे कसें?’ एवढें विचारावयास हवें होतें. मी निवाडा देत नाहीं. दोन्ही तटांकडून तीं दोन क्रियापदें वापरून पांच पांच वाक्यें मात्र लिहून घेतों.

‘मेक’ व ‘डू’ या जोडीविषयीं येथें कांहीं लिहिलें नाहीं. मराठींत दोहोंसहि ‘करणें’च म्हणतात, भाकरी करणें आणि काम करणें यांत आमची भाषा भेद करीत नाहीं, म्हणून वर सांगितलेली ‘नें’ची कसोटी तेथें उपयोगीं पडत नाहीं. हातांतून कांहीं नवीन वस्तु निघाली तर ‘मेक’, नुसतें काम उरकलें तर ‘डू’, एवढें धरून चालावें. पण बिछाना ‘मेक’ करावयाचा आणि केंस मात्र ‘डू’ करावयाचे, असें तीं लोकें कां म्हणतात तें पुढील अंकीं पाहूं.