त्रिशुळाचा मार्का
आमच्या जुन्नर तालुक्यातला टोमॅटो तेव्हा लाकडी खोक्यांतून वाशीला जायचा. सांजच्याला ट्रक भरायचा, आळेफाट्यावरून माळशेज उतरून कल्याण, आणि पहाटेच्या आत गाळ्यावर. पावसाळ्यात घाटात दरड आली की पिकला माल गाडीतच पाणी सोडायचा. म्हणून अण्णा नुसती लाली धरलेला, हाताला कडक लागणारा टोमॅटोच तोडायला लावत. खोकं वर-खाली एकसारखं. वर गोळा अन् खाली बारका माल भरणारे गावात कमी नव्हते. पण तसलं खोकं एकदाच खपतं, असं अण्णांचं म्हणणं. प्रत्येक खोक्यावर गेरूनं त्रिशूळ काढायचा, नग मोजून चिठ्ठी ड्रायव्हरच्या हातात द्यायची.

एका साली बाजार पार बसला. आडत्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, आली. हमाली, तोलाई, भाडं वजा जाऊन उलट सत्तर रुपये आमच्याच अंगावर. थोरलीचं लग्न तोंडावर.

"आवो, भाडं भराया माल धाडताय व्हय?" आई म्हणाली.

"थांबलो तर गाळ्यावरची आपली जागा दुसऱ्याची व्हती."

अण्णांनी खोकी चाळिसावरून पंधरावर आणली. बंद केली नाहीत. मला तो हिशेब आजही पटतो, आईला कधीच पटला नाही.

तिसऱ्या आठवड्यात भाव उठला. ड्रायव्हर पट्टीबरोबर निरोप घेऊन आला, "त्रिशूळवाला माल गिऱ्हाईक मागतंय. उद्या किती निघंल?"

आई काही बोलली नाही. रद्दी घेऊन खोक्यांना कागद लावत बसली.