डॉमची पंगत

ती. सौ. ताईस,


‘फास्ट अँड फ्युरियस’मधल्या गाड्या आता अंतराळातही जाऊन आल्या, मग त्यात शहाण्या माणसाने रमावं असं उरलं काय, हा तुझा प्रश्न. उत्तर गाड्यांपासून सुरू करत नाही. २०२३चा दहावा भाग, ‘फास्ट एक्स’, मला मनापासून आवडला तो या मालिकेच्या दांडग्या स्मरणशक्तीमुळे. आपली पात्रं कोणाशी कशी वागली, कोणाचं काय लुटलं, कोणाला घरात घेतलं, हे ती विसरत नाही. आणि या भागात तर तिने स्वतःच्याच जुन्या पराक्रमाचा हिशेब मागायला माणूस उभा केला आहे.

मुळात ही गोष्ट फार छोटी होती. ‘व्हाइब’ मासिकात १९९८ साली केन ली या पत्रकाराने न्यूयॉर्कमधल्या रस्त्यावरच्या शर्यतींवर लेख लिहिला होता. त्यावरून २००१चा पहिला चित्रपट निघाला आणि कथा लॉस एंजेलिसला गेली. धावत्या ट्रकमधला माल पळवणारी डॉमिनिक टोरेटोची टोळी आणि तिला पकडण्यासाठी वेश पालटून आत शिरलेला पोलीस ब्रायन, एवढाच तो मामला. पण त्यात डॉमच्या घरामागच्या अंगणातली एक पंगत आहे. ताटाला आधी हात लावेल त्याने प्रार्थना म्हणायची, असा तिचा नियम. पुढची सगळी मालिका या पंगतीवर उभी आहे असं माझं मत आहे. पकडायला आलेला ब्रायन डॉमचा मेहुणा झाला. पाचव्या भागात शिकारी म्हणून आलेला हॉब्ज पुढे त्याच्या बाजूने लढला. सातव्यात जिवावर उठलेला डेकर्ड शॉ आठव्याच्या शेवटी त्याच पंगतीला बसला. हाणामारीच्या चित्रपटात शत्रूला सहसा मारून मोकळे होतात. इथे त्याला पान वाढतात.

आता दहाव्या भागातला दान्ते रेयेस बघ. २०११च्या पाचव्या भागात डॉमच्या टोळीने रिओमधल्या पोलीस ठाण्यातून एर्नान रेयेस या गुन्हेगाराची दहा कोटी डॉलरची तिजोरीच उचकटली आणि दोन गाड्यांना बांधून रस्त्यांतून थेट पुलापर्यंत फरफटत नेली. रेयेस मेला, टोळी श्रीमंत झाली, आणि आपण टाळ्या वाजवल्या. ‘फास्ट एक्स’ त्याच पुलावर पुन्हा जातो आणि दाखवतो की त्या दिवशी रेयेसचा मुलगाही तिथे होता. तेव्हा आपण ज्याला विजय म्हटलं, तो कोणाच्या तरी बापाचा मृत्यू होता. दान्तेला डॉमचा जीव घ्यायची घाई नाही. त्याला डॉमला जिवंत ठेवून पोळायचं आहे. रिओच्या शर्यतीत तो दोन स्पर्धकांच्या गाड्यांत बॉम्ब ठेवतो, आणि डॉमला एकालाच वाचवता येतं. त्यानंतर त्याची नजर वळते ती डॉमच्या लहान मुलाकडे. बापाच्या वधाने पेटलेला मुलगा शत्रूवर न थांबता त्याच्या वंशावर उठतो, हे आपल्याला नवीन नाही. द्रोणांच्या वधानंतर अश्वत्थामा रात्री झोपलेल्या पांडवपुत्रांना मारतो आणि शेवटी उत्तरेच्या गर्भावर अस्त्र सोडतो. दान्ते त्याच जातीचा आहे. फरक एवढाच की त्याचं काम करणारा जेसन मोमोआ त्याला रडवेला करत नाही. जांभळी गाडी, झुळझुळीत रेशमी कपडे, प्रेतांच्या नखांना रंग लावत त्यांच्याशी चालवलेल्या गप्पा. हा माणूस दुःख साजरं करतो, म्हणून त्याची भीती वाटते. ज्या डॉमने एवढ्या शत्रूंना पानावर बसवलं, त्याच्यासमोर प्रथमच असा शत्रू आहे ज्याला पंगत नकोच आहे.

तू म्हणशील, हे सगळं ठीक, पण रोमच्या रस्त्यांवरून गडगडत जाणारा तो प्रचंड बॉम्ब आणि डॉमने क्रेनच्या फटक्याने त्याला टायबर नदीत ढकलणं, यावर विश्वास कसा ठेवायचा? ठेवू नकोस. मी डॉमच्या नात्यांवर विश्वास ठेवतो, तेवढा पुरतो. पाचव्या भागापासून या मालिकेने पदार्थविज्ञान सैल सोडलं आणि नाती घट्ट धरली, आणि तिथूनच ती बहरली. शिवाय जे दिसतं ते सगळंच संगणकातलं असतं हा समजही खरा नाही. पाचव्या भागासाठी बनवलेल्या तिजोऱ्यांपैकी एकीच्या आत चालक बसून ती चालवत होता. सातव्यासाठी विमानातून खऱ्या गाड्या खाली सोडल्या आणि हवाई छत्री बांधलेल्या कॅमेरामननी पडता पडता त्या टिपल्या. ही हिकमत करणाऱ्यांसाठी ऑस्करमध्ये आजवर विभागच नव्हता. २०२७मध्ये प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटांपासून तो सुरू होणार आहे. फार उशीर झाला, पण झालं ते बरं झालं.

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो: इथे कोणी मरतच नाही. मेलेली समजलेली लेटी परतली, हान परतला, आणि ‘फास्ट एक्स’च्या शेवटी पाणबुडीतून जिझेलही बाहेर येते. हे शेवटचं पुनरागमन मला पटलं नाही. डॉम आणि त्याचा मुलगा धरणाखाली अडकतात त्या प्रसंगात साठवलेला ताण त्याने ढिला पडतो. पण या सवयीच्या मुळाशी एक खरा मृत्यू आहे. ब्रायनचं काम करणारा पॉल वॉकर ३० नोव्हेंबर २०१३ रोजी, सातव्या भागाचं चित्रीकरण अर्ध्यावर असताना, अपघातात गेला. त्याच्या दोन भावांनी त्याच्या जागी उभं राहून चित्रपट पुरा करायला हात दिला. दिग्दर्शकाला ब्रायनला कथेत मारता आलं असतं. त्याने त्याला वेगळ्या रस्त्याने घरी जाऊ दिलं. तेव्हापासून ब्रायन पडद्याबाहेर कुठेतरी मुलाबाळांत जिवंत आहे. डॉमच्या मुलाचं नाव ब्रायन आहे, आणि दान्तेला हवा आहे तो हाच मुलगा. पॉल वॉकरची मुलगी मेडो या भागात क्षणभर विमानातली हवाई सुंदरी म्हणून दिसते. जो खरोखर परत येऊ शकत नाही त्याला कथेत मरू न देणाऱ्यांनी इतरांना परत आणलं, तर मी त्याला निव्वळ धंदा म्हणणार नाही. धंदा त्यात आहेच, पण माया आहे हेही नाकारता येत नाही.

गोष्ट अर्धी सोडलेली आहे, बाप-लेक धरणाखाली आहेत आणि दान्ते वर मोकळा आहे, हे आधीच सांगून ठेवतो. बघणार असशील तर आधी पाचवा भाग बघ, तिजोरीच्या प्रसंगाला मनसोक्त टाळ्या वाजव, आणि दुसऱ्या दिवशी दहावा लाव. मग दान्तेची बाजू तुला किती पटते ते मला सविस्तर कळव. भाऊजींना नमस्कार.

तुझा धाकटा भाऊ