नाव नको, माप सांगा

पहिल्याच दिवशी माझ्या हातून चाकाचा बोल्ट तुटला. डाव्या बाजूच्या पुढच्या चाकाचा नट हलेना, म्हणून पान्याला हातभर लोखंडी पाइप जोडला आणि त्यावर चक्क उभा राहिलो. कडाक आवाज झाला. वाटलं सुटला. पाहतो तर नट जागेवर आणि बोल्टच मुळातून गेलेला. मिस्त्रींनी चहाचा कप खाली ठेवला, बोल्टचं टोक चिंधीनं पुसलं आणि उन्हात धरलं. त्यावर बारीक इंग्रजी ‘एल’ कोरलेला होता.

“लेफ्टचा एल,” ते म्हणाले. “ह्या गाडीला डाव्या बाजूला उलटे आटे असत्यात. तुम्ही सोडवत नव्हता, आवळत होता.”

गाडी मामांची. विलीज पिकअप. अमेरिकेतल्या टोलेडोच्या विलीज-ओव्हरलँड कारखान्यानं १९४७ मध्ये जीपचाच चेहरा लावून ही मालवाहू गाडी काढली आणि १९६५ पर्यंत ती तयार होत राहिली. आजोळ पन्हाळ्याच्या बाजूला. गुऱ्हाळ सुरू झालं की तीस-तीस किलोचे गुळाचे रवे हौद्यात भरून मामा कोल्हापूरला शाहूपुरीत न्यायचे. १९८९ च्या हंगामात वाघबीळच्या उतारावर पेडल एकदम फळीला टेकलं. मामांनी गिअर खाली आणला आणि हातब्रेक ओढला. या गाडीचा हातब्रेक चाकांवर नसतो, गिअरच्या पेटीमागच्या शाफ्टवर असतो. ब्रेक ऑइलशी त्याचा संबंध नाही, म्हणून मामा वाचले. गाडी बांधाला टेकली आणि चार रवे उसात गेले. त्यानंतर गाडी घरी ओढून आणली ती गोठ्याशेजारच्या पत्र्याखालीच राहिली.

नोकरीतून मोकळा झाल्यावर मी ती सजवायला घेतली. इंजिन महिनाभरात बोललं. पत्रा, रंग, गादी यांची माणसं कोल्हापुरात पावलोपावली आहेत. गाडी चालायला लागली. थांबायला काही लागेना.

“जीपचे ब्रेक? पायजेत तेवढे!” पहिल्या दुकानदारानं खोकंच पुढं केलं. मी आनंदानं चार शू घेऊन घरी आलो आणि ड्रममध्ये ठेवून पाहिले. परातीत वाटी ठेवल्यासारखे दिसले. जुन्या छोट्या जीपचा ड्रम ९ इंची, आमच्या पिकअपचा ११. नाव एक, चेहरा एक, पण ब्रेक निराळे. पुढच्या तीन दुकानांत हाच खेळ झाला.

मग पुण्याचा जुना बाजार. रविवारी सकाळी सातला पोचलो. ताडपत्रीवर मांडलेल्या लोखंडात बसून शू ड्रमवर ढकलणारा एक व्हील सिलिंडर निवडला. हुबेहूब आमच्यासारखा. घासाघीस करून घेतला आणि विजयी मुद्रेनं मिस्त्रींपुढं ठेवला. त्यांनी तोंडाशी पट्टी लावली.

“सहा सूत. आपला आठ सूत, म्हणजे पुरा इंच.”

“दोन सुतानं काय बिघडतं?”

मिस्त्री हसले. शाळेत शिकलेलं घरी येऊन कागदावर मांडलं तेव्हा मलाच घाम फुटला. पेडलनं तेलावर आणलेला दाब सगळीकडे सारखा. शूला मिळणारा जोर ठरतो सिलिंडरमधल्या पिस्टनच्या क्षेत्रफळावर. सहाचा वर्ग छत्तीस, आठाचा चौसष्ट. दोन सूत कमी म्हणजे जोर निम्म्याच्या जेमतेम वर. थांबताना वजन पुढच्या चाकांवर येतं, म्हणून पुढं मोठा सिलिंडर असतो. तिथं मी लहान मापाचा लावायला निघालो होतो. आणि एका चाकाला हा, दुसऱ्याला तो असता, तर ब्रेक दाबताच गाडी फुगडी घालायला मोकळी.

शेवटी सिलिंडरचं रबर शोधत मुंबईला गेलो. ऑपेरा हाऊसच्या बाजूला स्पेअरच्या दुकानांच्या गल्ल्या आहेत. एका अरुंद दुकानात गल्ल्यामागं सत्तरीचे शेठ बसले होते. मी सुरुवात टोलेडोपासून केली. साल सांगितलं, जाळीवरच्या पाच आडव्या पट्ट्या सांगितल्या, मामांचा गूळसुद्धा आला असावा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “भाई, नाम नहीं, नाप बोलो.”

मी गप्प झालो. मग म्हणालो, “एक इंच.”

दोन मिनिटांत काउंटरवर रबरी कप आले. एक इंच बोअरचे, ताजे, लवचिक. इतके दिवस मी विलीजचं रबर मागत होतो आणि रबराला गाडीचं नाव ठाऊकच नसतं. ते फक्त आपला बोअर ओळखतं. मी हावरटपणे त्यांच्या फळीवरच्या एका जुन्या सीलबंद किटकडे बोट दाखवलं. शेठनी पाकीट फोडून कप चिमटीत दाबला. त्याला चीर पडली. “पुराना माल म्हणून लोक डबल पैसे देतात,” ते म्हणाले. “लोखंड जुनं चालतं. रबर नाही.” निघताना त्यांनी एक गोष्ट बजावली: “पुढच्या वेळी नमुना आणा.”

त्या दिवसापासून मी व्हर्नियर खिशात ठेवू लागलो आणि मला हवी होती ती माणसं घरापासून तासाभरावर सापडली. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवाल्यानं आमचेच गंजलेले सिलिंडर हातात घेतले. आतून खड्डे पडले होते. नुसतं होनिंग करून भागणार नव्हतं. त्यानं बोअर मोठा करून आत पितळी स्लीव्ह दाबून बसवली, तेल यायचं आणि एअर काढायचं भोक स्लीव्हमधून पुन्हा पाडलं आणि शेवटी आतून घासून बरोबर २५.४ मिलिमीटरवर आणलं. बाहेरून अमेरिकेचं ओतीव, आतून उद्यमनगर.

शूंवर नवे लायनर चढवणारे आजोबा दोन गल्ल्या पलीकडे. त्यांचा मुलगा ड्रममधली धूळ तोंडानं फुंकायला गेला, तेव्हा मी ओरडलोच. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ती धूळ छातीत गेली तर वर्षानुवर्षं डोकं वर काढत नाही आणि काढते तेव्हा कॅन्सर होऊन. ओल्या फडक्यानं पुसून घेतली. आजोबा रिव्हेट मधून ठोकत कडेला जायचे. उलट केलं तर लायनर मध्ये फुगतो. प्रत्येक रिव्हेटचं डोकं लायनरच्या आत बुडलंय का, हे बोटानं चाचपायचे. वर राहिलं तर ड्रमला चर पाडतं. मग ड्रमला आतून खडू फासून शू फिरवला. खडू फक्त मधोमध लागला. “टेकतोय, पण बसत न्हाई,” म्हणत त्यांनी तो घासला, पुन्हा खडू, पुन्हा घासणी. टोकापासून टोकापर्यंत पांढरा झाल्यावरच खाली ठेवला.

राहिले रबरी होज पाइप. पुढच्या चाकांना दोन, मागं एक. बाजारातला एक आणला. आमचा नट त्यात तीन आटे सुरेख चढला आणि मग डुगडुगायला लागला. आमचे आटे इंचाला २४, होजचे मिलिमीटरच्या मापाचे. दोन्हींत फरक केसाएवढा. मी म्हणालो, टेप गुंडाळून आवळू. मिस्त्रींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पाना खाली ठेवला.

ओट्यावरून मामा हे ऐकत होते. चौऱ्याऐंशी वर्षांचे, काठी टेकत आले. गाडीच्या सीटखालची हत्यारपेटी उघडायला लावली आणि तळातून तरटाची पुरचुंडी काढली. आत फाटलेला होज. वाघबीळला फुटलेला तोच. या गाडीत सगळ्या चाकांचं तेल एकाच वाटेनं जातं. एक नळी फुटली की चारही ब्रेक जातात.

“दुकानदार म्हणाला हुता, नमुना आण,” मामा म्हणाले. “म्हणून ठेवला. मग जायाचं राहून गेलं.”

किती वर्षं, ते कुणी मोजलं नाही. त्या फाटक्या नळीची लांबी, दोन्ही टोकांचे आटे, सगळं मी मोजलं आणि मावसभावाला अमेरिकेत कळवलं. तिकडे या गाड्यांचे होज अजून नवे बनतात. तो दिवाळीला आला तेव्हा चकलीच्या आधी बॅगेतून तीन होज निघाले.

एअर काढायला भाचा पेडलवर बसला. “दाब… धर… सोड.” सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात, बाटलीत बुडबुडे थांबेपर्यंत. या गडबडीत ब्रेक ऑइल नव्या रंगावर सांडलं आणि मडगार्डवर हातभर सालपटं सुटली. तेवढा डाग अजून आहे.

पहिल्या फेरीत दोन किलोमीटरवर गाडी जड झाली, ड्रमला हात लावला तर चटका. सगळं उघडावं लागणार, या धास्तीनं मी खाली बसलो. मिस्त्रींनी फक्त पेडल बोटानं हलवून पाहिलं. मोकळी चालच नव्हती. त्यामुळे मास्टर सिलिंडरचं परतीचं बारीक भोक झाकलेलं राही, तेल मागं येईना आणि शू ड्रमला चिकटून बसत. त्यांनी दांडा फिरवून पेडलला चार सूत मोकळीक दिली. एवढंच.

मग मामांना शेजारी बसवून वाघबीळ उतरलो. मी ब्रेक दाबण्याआधीच मामांचा उजवा पाय समोरच्या रिकाम्या पत्र्यावर दाबला जात होता. प्रत्येक वळणाला. गाडी मात्र सरळ रेषेत हळू होत गेली आणि बांधाजवळ उभी राहिली.

घरी आल्यावर मी जुने सुटे भाग भंगाराच्या पोत्यात भरत होतो. मामांनी काठीनं फाटका होज बाजूला ओढला.

“ह्यो ठेव. पुन्हा नमुना लागंल.”