हरिहरच्या खोबण्या

पहाटे नाशिक सोडलं. त्र्यंबकेश्वर मागे पडलं, गाडी खोडाळ्याच्या रस्त्याला लागली आणि धुकं विरता विरता हरिहर गडाचा कडा समोर उभा राहिला. आठवला तो ‘डार्क शॅडोज’मधला ‘विडोज हिल’. १९६६ ते १९७१ या काळात चाललेल्या त्या अमेरिकी भयमालिकेत समुद्रावरच्या त्या कड्याचं काम एकच, माणूस गिळायचं. जोझेट नावाची तरुणी भेदरून तिथूनच उडी घेते.

पायथ्याच्या निरगुडपाड्याहून रान आणि सोंड चढून कातळाच्या पायथ्याशी पोचले आणि मान वर करताच पोटात गोळा आला. काळ्या पाषाणात खोदलेला जिना जवळजवळ शिडीसारखा सरळ वर गेलेला. सोबतचा गावातला पोरगा म्हणाला, “ताई, खाली बघू नका. बोटं खोबणीत घाला, मग पाय उचला.”

तेव्हा लक्षात आलं, प्रत्येक पायरीच्या दोन्ही कडांना हात रोवायला खोबण्या आहेत. एकेक पायरी चढत दरवाजा गाठला. पुढे कड्याच्या पोटातून कोरलेली वाट, तिथे वाकून सरकायचं. पुन्हा पायऱ्या, पुन्हा दरवाजा, आणि मग मोकळा माथा. तळ्याकाठी मारुती, समोर ब्रह्मगिरी, पलीकडे भास्करगड.

कोकणातून गोंडा घाटाने चढणाऱ्या व्यापारी वाटेवर या गडाची नजर असे, म्हणूनच तो सगळ्यांना हवा होता. १६३६ मध्ये शहाजीराजांना त्र्यंबकगडाबरोबर हाही मोगलांच्या हवाली करावा लागला. १६७० मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी तो स्वराज्यात आणला, १६८९ मध्ये मोगलांनी पुन्हा घेतला. १८१८ मध्ये त्र्यंबकगड पडल्यावर हरिहर इंग्रजांकडे गेला. तेव्हा इथे आलेल्या कॅप्टन ब्रिग्जने या पायऱ्यांचा भयंकर उभेपणा शब्दांत मावत नाही, असं लिहून ठेवलं. अलंग-कुलंग या किल्ल्यांच्या वाटा इंग्रजांनी सुरुंगांनी उडवल्या. हा जिना मात्र आजही शाबूत आहे.

हा जिना शत्रूला अडवण्यासाठीच एवढा अरुंद आणि उभा. एका वेळी एकच माणूस चढणार, तोही दोन्ही हात गुंतलेला. वरून दगड सोडला तरी पुरे. पण याच जिन्याने गडकऱ्यांना रोज जा-ये करायची होती, पाठीवर ओझं घेऊन, पावसाळ्यात निसरड्या कातळावरून. त्यांच्यासाठी पाथरवटाने खोबणी कोरली.

उतरताना तोंड कातळाकडे ठेवावं लागतं. दरी पाठीशी, पाय खालची पायरी चाचपत असतात. एका पायरीवर माझा पाय थरथरला. हात आपसूक बाजूला गेला, आणि जिथे गेला तिथेच खोबणी होती. असंख्य बोटांनी तिची कड गुळगुळीत झालेली. कोरणाऱ्याचं नाव गडावर कुठेच नाही. पण घाबरलेल्या माणसाचा हात नेमका कुठे जाईल, हे त्याला ठाऊक होतं.