चाचांचा ग्रोलर

बी.एस्सी.ला विद्युतचुंबकत्वाचा पेपर होता, इंग्रजीतून. माझी शाळा झाली परतूरकडच्या खेड्यात, मराठीतून. जालन्याला येऊन कूलोम आणि गाउस घोकून झाले, पण फॅरडेच्या नियमाशी गाडं अडलं. ज्या तारेला बॅटरीच जोडलेली नाही, तिच्यात प्रवाह येतो कुठून, हे काही केल्या मनाला पटेना.

ते पटवलं मोटार वायंडिंगवाल्या चाचांनी. त्यांच्या दुकानावरच्या खोलीत मी भाड्यानं राहत होतो. रब्बीत दुकानापुढं विहिरींवरच्या जळालेल्या मोटारींची रांग लागे. व्होल्टेज आधीच कमी, त्यात एखादा फेज गेला की वायंडिंग गेलंच. चाचांकडं ग्रोलर होता : लोखंडी पत्र्यांचा गठ्ठा, त्यावर तारेची गुंडाळी आणि वर आर्मेचर ठेवायला खाच. त्यात ड्रिल मशीनचं आर्मेचर ठेवून त्यांनी बटण दाबलं आणि हॅक्सॉचं पातं माझ्या हातात दिलं.

“वरून फिरव बेटा, सावकाश.”

एका खोबणीवर पातं एकदम घरघरायला लागलं.

“इथं शॉर्ट आहे.”

त्या खोबणीतल्या वेटोळ्याला वीज जोडलेलीच नव्हती. खालच्या गुंडाळीचं चुंबकक्षेत्र सतत उलटसुलट होत होतं. त्या बदलानंच शॉर्ट झालेल्या वेटोळ्यात प्रवाह उभा राहिला होता आणि पातं त्याच्या चुंबकत्वानं थरथरत होतं. २९ ऑगस्ट १८३१ रोजी फॅरडेनं लोखंडी कड्यावर दोन गुंडाळ्या घेऊन हेच पाहिलं. एका गुंडाळीला बॅटरी जोडताना आणि तोडताना दुसरीच्या तारेजवळची चुंबकसुई हलली, मधल्या वेळात स्थिर राहिली. प्रवाह हवा तर बदल हवा. पुस्तकातलं समीकरण तेवढंच सांगत होतं.

“आता कारण तू सांग,” चाचा म्हणाले. खूण त्यांना पक्की ठाऊक होती, कारण ऐकायचं होतं. मग रोज दुकान बंद करताना ते मला एकेक धडा सांगायला लावत, आणि तिथं इंग्रजी शब्दांचा आडोसा चालत नसे. परीक्षा होईस्तोवर त्यांनी भाड्याचा विषय काढला नाही. पास झाल्यावर मी ते चुकतं केलं. ऐकून घेण्याची ती उधारी मात्र फिटलेली नाही.

आज जालन्याच्या एमआयडीसीत इंडक्शन भट्ट्यांमध्ये भंगार वितळतं ते याच नियमानं. गुंडाळी भंगाराला शिवतसुद्धा नाही. पण भट्टीजवळ विद्यार्थ्याला कोण उभं करणार? वायंडिंगचं दुकान तालुक्याच्या गावीही असतं. या पेपराला बसणाऱ्यांनी परीक्षेआधी एकदा तिथं जावं, पातं हातात धरून बघावं, आणि त्याचं कारण दुकानदाराला त्याच्या भाषेत सांगून यावं.