हणजूणचा रात्रीचा नाद

दिंद्रुडाहून गोमंतकास जाणारा मनुष्य बहुधा मंगेशीच्या व शांतादुर्गेच्या दर्शनासाठीं जातो. मीहि यंदा माघांत त्याच हेतूनें निघालों. सोलापूर, कोल्हापूर मागें टाकून आंबोलीचा घाट उतरलें म्हणजे आमच्या माजलगांव तालुक्यांतील काळी जमीन संपून तांबडी माती लागते. देवदर्शन आटोपल्यावर म्हापशाहून बारदेशांतील हणजूण गांव मुद्दाम पाहिलें. कारण आपल्या घरांतील तरुण मंडळी ज्या यंत्रसंगीतासाठीं रात्रीच्या रात्री जागते, त्याचें या देशांतील आद्यपीठ हेंच होय.

गांव रम्य आहे. माडांची दाट सावली, खडकाळ किनारा, सेंट मायकेलचें जुनें चर्च, आणि उत्तरेस शापोऱ्याचा किल्ला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस हिप्पी म्हणविणारे पाश्चात्य तरुण येथें उतरले व पौर्णिमेच्या रात्रीं वाळूवर गाऊं-नाचूं लागले. त्यांपैकीं १९७० साली कॅलिफोर्नियाहून आलेला एक वादक पुढें 'गोवा गिल' या नांवानें जगप्रसिद्ध होऊन २०२३ साली दिवंगत झाला. १९८० नंतर गिटार मागें पडून विजेवर चालणारीं वाद्यें पुढें आलीं. फितींवरील गाण्यांचे शब्द कापून टाकावयाचे व नुसता ठेका जोडून तो तासच्या तास चालवावयाचा, अशी येथील रीत पडली. तींतून १९९० नंतर 'गोवा ट्रान्स' हा प्रकार नांवारूपास आला. 'ट्रान्स' म्हणजे तंद्री.

आपला कोणी पूर्वज या वाटेवर होता काय, असा प्रश्न वाचकांस पडेल. होता. मुंबईतील चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत वाजविणारे चरणजितसिंग यांनीं १९८२ साली भैरवी, ललत, यमन, मालकंस इत्यादि दहा राग जपानी बनावटीच्या यंत्रांवर डिस्कोच्या ठेक्यांत बसविले. त्या वेळीं ती तबकडी फारशी कोणीं विचारली नाहीं. परंतु २०१० साली ती पुन्हा प्रसिद्ध झाली, तेव्हां शिकागोंत पुढें उपजलेल्या संगीताशीं तिचें साम्य पाहून पाश्चात्य रसिक थक्क झाले.

किनाऱ्यावरचा हा नाद युरोपांत मात्र भिंतींच्या आंत वाढला. पूर्व जर्मनीच्या एका रेडिओ केंद्रावर बंद पडण्याची पाळी आली, तेव्हां तें वाचावें म्हणून १९९१ च्या डिसेंबरांत बर्लिनमधील एका दिवाणखान्यांत 'मेडे' नांवाचा रात्रभराचा मेळा भरला. 'मेडे' ही संकटांत सांपडलेल्या जहाजाची वा विमानाची हांक. केंद्र कांहीं टिकलें नाहीं. मेळा मात्र १९९३ पासून डॉर्टमुंड येथील प्रचंड सभागृहांत रुजला.

आपल्याकडे भिंतींचा आग्रह कायद्यानें धरला. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें रात्रीं दहा ते सकाळीं सहापर्यंत उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास बंदी आहे. बंदिस्त सभागृहास तेवढी मोकळीक. १८ जुलै २००५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें या विषयीं विस्तृत निर्णय दिला. ज्या अर्जावरून तो वाद उभा राहिला त्यांतील हकीकत हृदयद्रावक होती: एका तेरा वर्षांच्या मुलीवर अत्याचार होत असतां ध्वनिवर्धकाच्या गोंगाटांत तिचा आक्रोश कोणाच्याहि कानीं पडला नाहीं. न ऐकणाऱ्यावर आवाज लादण्याचा अधिकार कोणासहि नाहीं, हें न्यायालयाचें म्हणणें कोण अमान्य करील?

परंतु भिंत बांधली म्हणजे प्रश्न सुटला असें नव्हे. आमचे हणजूणचे यजमान सत्तरीचे गृहस्थ. ते म्हणाले, "मास्तर, गाणें भिंतींत अडतें, ठेका अडत नाहीं. उशीवर डोकें टेकलें कीं तो छातींत वाजतो." शास्त्रहि हेंच सांगतें, खर्जाच्या लहरी लांब असल्यामुळें साध्या भिंतीस जुमानीत नाहींत.

दुसरा धोका याहून भयंकर. ६ डिसेंबर २०२५ च्या मध्यरात्रीं जवळच्याच हडफडें गांवीं एका नृत्यगृहास आग लागून २५ माणसें प्राणांस मुकलीं. त्यांत नाचणारे थोडे. बहुतेक तेथील नोकर, दूरच्या प्रांतांतून पोटासाठीं आलेले. ज्या बीड जिल्ह्यांतील कुटुंबेंच्या कुटुंबें दरवर्षीं ऊसतोडीस परमुलुखीं जातात, तेथील मनुष्यास ही वार्ता परकी वाटत नाहीं.

तरुणांस सरसकट दोष देऊन आपण मोकळे होऊं नये. परळीस वैजनाथाच्या महाशिवरात्रीचा जागर होतो; गोंधळ्याचें संबळ पहांटेपर्यंत थांबत नाहीं. समुदायानें एका ठेक्यांत रात्र काढावी ही मनुष्याची ओढ पुरातन आहे. भेद असा, कीं त्या जागरांत शेजारी पाहुणा म्हणून बोलाविलेला असतो आणि मंडपास चारी बाजू मोकळ्या असतात. विकत घेतलेल्या रात्रींत शेजारी परका होतो व दारें अरुंद होतात.

म्हणून घरांतील मुलगा अशा मेळ्यास निघाला, तर वडिलांनीं संतापापूर्वीं दोन प्रश्न विचारावे: शेजारच्या म्हाताऱ्यास तेथें झोंप लागते काय? आणि बाहेर पडण्यास वाटा किती? पहिल्या प्रश्नांत धर्म आहे, दुसऱ्यांत प्राण. दोहोंचें उत्तर समाधानकारक असेल, तर त्यानें खुशाल जागावें.